रबरबँड ते हेलिकॉप्टर : इगॉर सिकॉर्स्की

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण लेख शेवटपर्यंत वाचा. मराठी विभागासाठी एखादं चरित्र लिहून दे असं संपादक ताईंनी सांगितलं, तेव्हा मी चक्क नाही म्हटलं होतं. चरित्र म्हटलं की मला शाळेतला निबंध आठवतो. जन्म अमुक साली, मृत्यू तमुक साली, मध्ये सगळे गुणच गुण! पण त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि मी एका माणसाच्या मागेच लागले.

पहिली गोष्ट म्हणजे किट. दिवाळीला मामा आला तेव्हा त्याने माझ्यासाठी सिकॉर्स्की एस-५५ हेलिकॉप्टरचं प्लॅस्टिक मॉडेल किट आणलं. स्केल १:४८. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना द्राक्षांसारखे लटकलेले भाग आणि एक घडीचा कागद. हे भाग नेलकटरने अलगद कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, जोडायचे, रंगवायचे. हॉस्टेलवर टेबल एकच, तेही दोघींत. त्यामुळे माझ्या रूम पार्टनरचं जर्नल एका बाजूला आणि माझं हेलिकॉप्टर दुसऱ्या बाजूला असा संसार सुरू झाला. पहिल्याच रात्री मी पायलटच्या काचा इन्स्टंट ग्लूने चिकटवल्या. सकाळी बघते तर काचांवर पांढरं धुकं! त्या ग्लूची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते हे मला नंतर कळलं. माझा पायलट आता कायमचा महाबळेश्वरच्या पावसाळ्यात उडतो.

दुसरी गोष्ट मिनी प्रोजेक्टची. आम्ही चौघांनी छोटं कोअॅक्सियल हेलिकॉप्टर करायला घेतलं होतं, म्हणजे एकाच दांड्यावर एकमेकांच्या उलट फिरणारे दोन रोटर. आयडिया माझी, हट्टही माझा. मेसमधून आणलेल्या वजनकाट्यावर मशीन ठेवून थ्रॉटल पूर्ण दिला तेव्हा काटा २ किलो ४०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे उचल १९०० ग्रॅम आणि वजन २४००. बाकीचे तिघे माझ्याकडे बघत होते, मी काट्याकडे.

त्या रात्री प्रोजेक्टचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून किट काढलं, आणि किटवर ज्याचं नाव आहे तो माणूस कोण म्हणून वाचायला बसले. पहाटे तीनला लाइट बंद केला.

इगॉर इव्हानोविच सिकॉर्स्कीचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह शहरात झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनची राजधानी आहे. वडील विद्यापीठात मानसशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. आई वैद्यकीय शिक्षण घेतलेली, पण प्रॅक्टिस न करता घरी मुलांना शिकवणारी. तिनेच त्याला लिओनार्दो दा विंचीच्या उडत्या यंत्राच्या चित्रांबद्दल सांगितलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही त्याने वाचल्या. बाराव्या वर्षी त्याने रबरबँडवर चालणारं हेलिकॉप्टरचं मॉडेल केलं. रबर पिळायचं, सोडायचं. ते खरंच वर उडालं. (बारा वर्षांच्या पोराला अहो-जाहो काय करायचं, म्हणून इथे एकेरी. पुढे तो मोठा झाला की मीही सुधारेन.)

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण सगळी गंमत इथेच आहे. रबरबँडचं मॉडेल उडतं म्हणून तसंच मोठं केलेलं मशीन उडेलच असं नाही. आपण हे फर्स्ट इयरला पाठ करतो आणि विसरतो. लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन होतं आठपट. माझ्या किटचंच बघा. खऱ्या एस-५५ च्या रोटरचा व्यास १६ मीटरपेक्षा थोडा जास्त, माझ्या टेबलावर तो साधारण ३४ सेंटिमीटर. लांबी ४८ ने भागली. पण वजन भागायचं असेल तर ४८ चा घन घ्यावा लागतो, तो येतो १,१०,५९२. खरं मशीन रिकामं असताना दोन टनांच्या वर, आणि याच हिशोबाने छोटं वीस ग्रॅमच्या आसपास. वीस ग्रॅम उचलायला रबरबँडही चालेल. उलट्या दिशेने निघालात, म्हणजे छोट्याचं मोठं करायला घेतलंत, की हाच घन तुमच्या मानगुटीवर बसतो.

इगॉरच्या मानगुटीवर तो विसाव्या वर्षी बसला. म्हणजे माझ्याच वयात.

मधली वर्षं भराभर सांगते. १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नौदल शाळेत दाखल, १९०६ मध्ये तिथून बाहेर. काही काळ पॅरिसमध्ये, मग १९०७ मध्ये कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये. १९०८ च्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर जर्मनीला गेला असताना राइट बंधूंच्या विमानाच्या बातम्या वाचल्या आणि तिथल्या हॉटेलच्या खोलीतच लाकडी पाती फिरवून उचल मोजायला लागला. कॉलेज मागे पडलं. (स्टाफ मेंबर्सनी ही ओळ वाचली नाही तरी चालेल.)

पैसे दिले मोठ्या बहिणीने, ओल्गाने. ते घेऊन तो १९०९ मध्ये पॅरिसला गेला, कारण त्या वेळी उडणारी सगळी मंडळी तिथेच. कॅप्टन फर्बर हे तेव्हाचे जाणकार. त्यांनी त्याला सरळ सांगितलं की हेलिकॉप्टरच्या नादी लागू नकोस, वेळ फुकट जाईल, विमान कर. पोराने ऐकून घेतलं आणि हेलिकॉप्टरसाठी २५ अश्वशक्तीचं अँझानी इंजिन विकत घेऊन घरी आला.

१९०९ च्या जुलैमध्ये पहिलं मशीन घराच्या आवारात उभं राहिलं. एकाच दांड्यावर उलटसुलट फिरणारे दोन रोटर. हो, कोअॅक्सियल! वाचताना मी उठून बसले. एकच रोटर असेल तर तो एका बाजूला फिरताना खालचं धड उलट्या बाजूला फिरायला बघतं. दोन रोटर उलटे फिरवले की ते एकमेकांना गप्प बसवतात. हिशोब बरोबर होता, पण मशीन थरथरलं, हादरलं आणि जमीन काही सुटेना. १९१० मध्ये दुसरं केलं. ते जेमतेम स्वतःचं वजन उचलू शकत होतं. पायलटचं नाही.

हेलिकॉप्टर पायलटशिवाय उडून काय उपयोग? तेव्हा आजच्यासारखा रेडिओ कंट्रोल नव्हता.

आता मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं की पुढे त्याने काय केलं. माझ्या डोक्यात सिनेमातला हिरो होता. तो रात्रंदिवस जागून तिसरं मशीन करतो, पाऊस पडत असतो आणि ते उडतं. तसं काही झालं नाही. त्याने हिशोब केला. इंजिन ताकदीच्या मानाने जड, पात्यांबद्दलचं ज्ञान अपुरं, आणि बहिणीचे पैसे संपत आलेले. त्याने मशीन सुटं केलं, इंजिन बाजूला काढलं आणि विमानाच्या कामाला लागला. त्याला कुणी हरलास म्हटलं असेल का, माहीत नाही. मला आमच्या ग्रुपचे चेहरे आठवत होते.

त्याच वर्षी, १९१० च्या जूनमध्ये त्याचं दुसरं विमान, एस-२, थोडा वेळ का होईना उडालं. आता मात्र अहो-जाहो.

१९११ मध्ये सिकॉर्स्कींचं एस-५ हवेत असताना इंजिन अचानक बंद पडलं आणि त्यांना विमान आदळत उतरवावं लागलं. कारण शोधलं तर कार्ब्युरेटरच्या नळीत एक डास अडकलेला! एका डासाने माणूस मरायचा वाचला. दुसरा कोणी असता तर बारीक जाळी लावून गप्प बसला असता. यांनी ठरवलं की विमानाला एकापेक्षा जास्त इंजिनं हवीत. आणि रशियन-बाल्टिक वॅगन वर्क्समध्ये नोकरी लागल्यावर १९१३ मध्ये त्यांनी चार इंजिनांचं विमान उडवलंसुद्धा. त्यामागून आलेल्या इल्या मुरोमेत्सने १९१४ च्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्ग ते कीव्ह आणि परत असा प्रवास केला. वाटेत एका इंजिनाला आग लागली तेव्हा बरोबरच्या दोघांनी चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन कोट टाकून ती विझवली. पहिल्या महायुद्धात हीच विमानं बॉम्बर झाली.

मग रशियन क्रांती झाली आणि सगळं गेलं. १९१८ मध्ये फ्रान्स, ३० मार्च १९१९ ला न्यूयॉर्क. देश सोडला तेव्हा बहिणी आणि लहान मुलगी मागे राहिल्या, त्या नंतर अमेरिकेत आल्या. चार इंजिनांचं विमान उडवणारा हा माणूस न्यूयॉर्कमध्ये रशियन निर्वासितांना रात्रशाळेत गणित शिकवत होता. १९२३ मध्ये लाँग आयलंडवर एका मित्राच्या कोंबड्यांच्या फार्मवर कंपनी सुरू केली. भंगारातून सामान, पलंगांच्या लोखंडी पट्ट्या, जुनी इंजिनं. पैसे कमी पडले तेव्हा प्रसिद्ध पियानोवादक रखमानिनॉफ यांनी ५,००० डॉलर्स दिले. त्या बदल्यात कंपनीने त्यांना व्हाइस प्रेसिडेंट करून टाकलं!

१९२४ च्या मे महिन्यात ते विमान पहिल्यांदा उडायचं होतं. नाव एस-२९-ए, शेवटचं ए अमेरिकेचं. ज्यांनी बिनपगारी राबून विमान बांधलं त्या सगळ्यांना पहिल्या फेरीत बसायचं होतं. सिकॉर्स्कींना नाही म्हणवलं नाही. विमान थोडं उडालं आणि गोल्फच्या मैदानावर जाऊन मोडलं. वजन जास्त, इंजिनं अशक्त. मला सिकॉर्स्कींची ही चूक फार जवळची वाटते. वजनाचा हिशोब त्यांच्याइतका कुणाला कळत होता? पण समोर मित्र उभे असले की काटा वाचता येत नाही.

मोडकं विमान दुरुस्त झालं, चांगली इंजिनं मिळाली, त्याच सप्टेंबरमध्ये ते उडालं. पण दोन वर्षांनी हाच प्रश्न परत आला, आणि या वेळी गोल्फच्या मैदानावर सुटका झाली नाही. फ्रेंच वैमानिक रेने फाँक यांना न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडायचं होतं. त्यांच्यासाठी सिकॉर्स्कींनी एस-३५ बांधलं. पूर्ण भार घेऊन चाचणी झालेली नव्हती, घाई होती. २१ सप्टेंबर १९२६ ला इंधनाने गच्च भरलेलं विमान धावपट्टी संपली तरी वर आलं नाही, पुढच्या उतारावरून खाली गेलं आणि पेटलं. चौघांपैकी दोघे जळून गेले. पुढच्या वर्षी लिंडबर्ग एकट्यानेच, एका इंजिनाच्या हलक्या विमानातून पॅरिसला पोचले.

यानंतरच्या काळात त्यांनी पाण्यावरून उडणारी मोठमोठी विमानं केली, पॅन अमेरिकन कंपनीची क्लिपर. लोक श्रीमंत होऊन इथेच थांबतात. पण १९३८ पर्यंत मोठ्या फ्लाइंग बोटींना गिऱ्हाईक उरलं नाही आणि मालक कंपनीने तो विभाग बंद करायचं ठरवलं. सिकॉर्स्कींनी एकच मागितलं. आपली माणसं आपल्याकडे राहू द्या आणि मला हेलिकॉप्टर करू द्या. १९१० मध्ये सुटं करून ठेवलेलं काम त्यांनी मनातून टाकलेलं नव्हतं. १९३१ मध्ये एक मोठा रोटर आणि शेपटीला छोटा रोटर अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्जही केला होता.

१४ सप्टेंबर १९३९. ठिकाण कनेटिकटमधलं स्ट्रॅटफर्ड. पन्नास वर्षांचा माणूस सूट घालून, डोक्यावर फेडोरा हॅट घालून लोखंडी नळ्यांच्या एका उघड्या सांगाड्यात बसला. इंजिन ७५ अश्वशक्तीचं. मशीन जमिनीला दोरांनी बांधलेलं, खाली वजनं. चाकं काही सेकंदच जमिनीवरून सुटली. हेच ते व्हीएस-३००. रबरबँडचं मॉडेल आणि हे, यांच्यामध्ये सदतीस-अडतीस वर्षं गेली होती.

त्यानंतरही ते लगेच शहाण्यासारखं उडलं असं नाही. डिसेंबरमध्ये वाऱ्याच्या झोताने उलटं पडलं. मग शेपटीजवळ बाहेर काढलेल्या हातांवर आणखी दोन आडवे छोटे रोटर लावून बघितले. १३ मे १९४० ला दोर सोडून पहिलं मोकळं उड्डाण झालं. काही काळ ते मागे जायचं, आडवं जायचं, फक्त पुढे नीट जायचं नाही! पाती प्रत्येक फेरीत कोन बदलत फिरवायची, म्हणजे आपण ज्याला सायक्लिक कंट्रोल म्हणतो, ते जमल्यावर १९४१ च्या अखेरीस जादाचे रोटर निघाले. आज आपण हेलिकॉप्टर म्हणून जे चित्र काढतो, वर एक मोठा आणि मागे एक छोटा, ते तेव्हा ठरलं. ६ मे १९४१ ला याच मशीनने १ तास ३२ मिनिटं २६ सेकंद हवेत राहून विक्रम केला होता.

त्यातून आर-४ आलं. आणि आता ही गोष्ट आपल्याकडे येते. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी सैन्याच्या पलीकडे एक छोटं विमान पडलं. त्यात पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. त्यांना आणायला आसाममधल्या लालाघाटच्या तळावरून आर-४ निघालं. पायलट होते कार्टर हार्मन. उकाड्यात आणि दमट हवेत हवेची घनता कमी होते, पात्यांना उचल कमी मिळते, इंजिन धापा टाकतं. त्यामुळे एका फेरीत एकच माणूस. दोन फेऱ्यांनंतर इंजिन इतकं तापलं की हार्मनना नदीकाठच्या वाळूवर रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी उरलेले दोघे. चार माणसं, चार फेऱ्या. लढाईच्या मैदानात हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका.

एका फेरीत एकच माणूस, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. १९२४ मध्ये गोल्फच्या मैदानावर कुणी तरी हे म्हणायला हवं होतं.

२९ नोव्हेंबर १९४५ ला त्यांच्या कारखान्याजवळच्या किनाऱ्याबाहेर वादळात तेलाचा बार्ज खडकावर अडकला. कंपनीचं हेलिकॉप्टर गेलं, चालवणारे होते सिकॉर्स्कींचे भाचे जिमी व्हाइनर. हॉइस्टच्या दोराने दोघांना वर काढलं. दुसऱ्याच्या वेळी हॉइस्ट अडकला आणि तो माणूस तसाच लटकत किनाऱ्यावर आला, पण आला. आता पुरात गच्चीवरून माणसं उचलणारी हेलिकॉप्टर आपण टीव्हीवर बघतो तेव्हा ती पद्धत इथली.

आणि माझं एस-५५? ते १९४९ मध्ये पहिल्यांदा उडालं. सिकॉर्स्कींच्या आधीच्या हेलिकॉप्टरमध्ये माणसं चढली-उतरली की तोल सांभाळायची कटकट. एस-५५ मध्ये इंजिन सरळ नाकात घातलं, पायलटला त्याच्यावर बसवलं, आणि प्रवाशांची खोली बरोब्बर रोटरच्या खाली आणली. रिकामं असो की भरलेलं, तोल फारसा हलत नाही. किट जोडताना नाकाचा तो विचित्र फुगवटा बघून मी हसले होते, आता हसत नाही. भारतीय वायुसेनेने १९५४ मध्ये घेतलेलं पहिलं हेलिकॉप्टर हेच.

सिकॉर्स्की १९५७ मध्ये निवृत्त झाले तरी ऑफिसला जातच राहिले. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी ते गेले, वय ८३. आदल्या दिवशीही ते टेबलापाशी कामाला बसले होते.

आमच्या प्रोजेक्टचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सोमवारी मी ग्रुपला सांगितलं की उडवायचं नाही. पाती लॅबच्या मशीनच्या टेबलात मावतील एवढीच कापली होती, म्हणून व्यास कमी पडला. बॅटरी जड, फ्रेम जड. ५०० ग्रॅम असे सहज निघणार नाहीत. एकाने विचारलं की मग इतके दिवस काय केलं. मला उत्तर आलं नाही. गाईड सरांकडे जाऊन सिनॉप्सिस बदलून घेतला. आता आम्ही त्याच मोटर स्टँडवर पक्क्या बसवून वेगवेगळ्या व्यासाच्या पात्यांची उचल मोजणार आहोत. सरांनी सही करताना मागच्या तारखेकडे दोनदा बघितलं, पण सही केली. सुटी केलेली फ्रेम माझ्या पलंगाखाली आहे.

एस-५५ जवळजवळ पूर्ण झालंय. फक्त शेपटीच्या रोटरचं एक पातं नेलकटरने कापताना उडालं ते अजून सापडलेलं नाही. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, पांढरं. झाडू मारायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय.